कडेचे तीन वाफे

साखर कारखाना, तालुका इंदापूर
९ नोव्हेंबर १९३५

ति. दादा,

केशवचा नमस्कार घ्यावा, वहिनींनाही सांगावा. अनसूया आणि मी सुखरूप आहोत. दिवाळीला पुण्यास येणे झाले नाही. गळीत सुरू व्हायचे दिवस होते, कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रजा मिळाली नाही, असे अनसूयेने वहिनींना कळवलेच आहे. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. मागच्या वर्षीच्या दिवाळीत ओटीवर चार पाहुण्यांदेखत तुम्ही म्हणालात, "केशवच्या हातून एक काम तडीस जात नाही." ते अजून कानात आहे. राग धरलेला नाही. शेतकी कॉलेज अर्धे सोडले ते मीच.

तुमचे कार्ड पोचले. इथला गाळ मी भीत भीतच तुमच्या शेतकी खात्यात तपासायला पाठवला होता. रस शुद्ध करून गाळणीच्या प्रेसमध्ये कापडातून गाळला की मागे जी काळी ढेप उरते ती रोज गाड्या भरभरून कारखान्यामागे ओततात. मागच्या हंगामाचा ढीग पावसाळाभर भिजून तिथेच आहे आणि यंदाचा नवा त्याच्या शेजारी वाफाळतो आहे. वास असा की अनसूया त्या बाजूची खिडकी उघडत नाही. मॅनेजरसाहेब म्हणतात, ओढ्यात लोटा. आणि तुम्ही लिहिता की त्यात स्फुरद भरपूर आहे, आणि मी पाठवलेल्या सणसरच्या मातीत नेमके तेच कमी आहे! कार्ड आल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

ती माती रामहरीची. कालव्याच्या पाटाखाली त्याची भाजीपाल्याची बागाईत आहे. माणूस मोजके बोलणारा. बोलायचे काम त्याची बायको सरुबाई करते. गाळाचे सांगितल्यावर ती म्हणाली, "सायेब, शेणखत ठावं हाय, पेंड ठावी हाय. पर कारखान्याची घाण जमिनीला घालत्यात, हे नवंच." रामहरीने तिला गप्प केले आणि मला म्हणाला, "घालू की. कांदा लावायचाच हाय. जमीन माझी, अक्कल तुमची."

तुम्ही आखून दिल्याप्रमाणे तीन तुकडे करतो, प्रत्येकी बारा वाफे. एक नुसता, एकात गाळ, एकात सुपरफॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचे विलायती खत. तुम्ही पाठवलेले सुपरचे पोते बारामती स्टेशनातून सोडवून आणले. पोते कोरडे, शिवण शाबूत. गाळाच्या सहा गाड्या रामहरीच्या बांधावर पडल्या आहेत.

हे काम तडीस जाईल, दादा.

आपला
केशव


१९ एप्रिल १९३६

ति. दादा,

नमस्कार. उन्हाळा कडक आहे, पण आम्ही ठीक. वहिनींच्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा. अनसूयेने त्यांच्यासाठी सांडगे वाळवले आहेत, कोणी येणारे मिळाले की पाठवतो.

कांदा निघाला. नुसत्या बारा वाफ्यांचा नऊ मण भरला. गाळाच्या बारा वाफ्यांचा सोळा मण. काटा मी स्वतः धरला. बारामतीच्या बाजारात लोक थांबून थांबून कांदा हातात घेत होते. रामहरीने पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. सरुबाई म्हणाली, "आमची जमीन अशी पिकंल हे आमास्नी ठावंच नव्हतं." तिने मला आणि अनसूयेला जेवायला बोलावले आणि वांग्याचे भरीत वाढताना मला तीनदा साहेब न म्हणता दादा म्हणाली.

तिसऱ्या तुकड्याचे आकडे नाहीत. सुपरचे पोते गोदामात भिजून दगड झाले, त्यामुळे तो तुकडा करता आला नाही. हे डिसेंबरातच कळवायला हवे होते, राहून गेले.

काढणीनंतरची माती पाठवायला तुम्ही दोनदा लिहिलेत. पाठवतो. सध्या हंगामाची आवराआवर आहे, डबे मिळत नाहीत, आणि रामहरीने नांगरही घातला आहे, त्यामुळे ती माती आता कितपत उपयोगी पडेल कोण जाणे. सवडीने पाहू.

अलीकडे मी सारखा फिरत असतो. अनसूया म्हणते, जेवतानासुद्धा तुमचा पाय हलतो. उन्हाने होत असेल.

आपला
केशव


४ ऑक्टोबर १९३६

ति. दादा,

नमस्कार. तुमचे लांब पत्र चार वेळा वाचले. माझे आकडे तुम्ही खात्याच्या सभेत वाचून दाखवलेत, वरिष्ठांनी तुम्हाला उठून विचारले, आणि आता कालव्याखालच्या शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक जानेवारीत छापायला जाणार, हे कळले. शेवटी तुम्ही लिहिले आहे, "केशव, त्या दिवशी ओटीवर बोललो ते मी मागे घेतो." ते वाक्य मी अनसूयेला वाचून दाखवले नाही.

दादा, पत्रकाची एवढी घाई कशाला? एका वर्षाचे आकडे ते काय. अजून एखादा हंगाम पाहावा असे मला वाटते. आणि छापलेच तर माझे नाव नको. नोकरीच्या दृष्टीने बरे नाही.

इकडे रोज कोणी ना कोणी गाळ मागायला येतो. पणदऱ्याचे आले, पिंपळीचे आले. रामहरी बाजारात प्रत्येकाला सांगतो. जो माणूस आठ दिवसांत चार वाक्ये बोलतो, तो गाळावर तासभर बोलतो. मी त्याला म्हटले, "जरा दमाने घ्या." तो म्हणाला, "का? चांगलं ते सांगाया काय झालं?"

मी निघून आलो.

माती पाठवायची राहिलीच. पाठवतो.

केशव


२१ डिसेंबर १९३६

ति. दादा,

नमस्कार. आधी एक काम करा. ते माहितीपत्रक छापखान्यात दिले असेल तर परत मागवा. दिले नसेल तर देऊ नका. कारण पुढे लिहितो. तीन कागद फाडले, हा चौथा; हा फाडायचा नाही म्हणून अनसूया समोर बसली आहे. तिला काल सगळे सांगितले.

काल रविवारी मी सणसरला गेलो होतो. रामहरीने यंदा एक पट्टी सोडून सबंध बागाईतीत गाळ घातला आहे. रोपे लावून पंधरा दिवस झाले होते आणि बघावे तिकडे पाती पिवळी. तो पाटाच्या कडेला उकिडवा बसला होता. मला पाहून उठला, म्हणाला, "पानी जास्त झालं आसंल." मी मान हलवली.

तेवढ्यात पिंपळीचा म्हस्कू आला. रामहरीच्या बहिणीचा नवरा, रामहरी त्याला दाजी म्हणतो. त्याने गाडीतून एक पाटी उतरवली आणि आमच्यापुढे पालथी केली. कांद्याची रोपे होती, मुळे तपकिरी, शिजल्यासारखी. म्हणाला, "वीस गाड्या वतल्या. प्रेसमधनं निघाल्या तशा, ऊन ऊन. मातीत हात घातला तर चटका बसतोय, रामहरी. चुलीतल्या राखंवानी."

मी म्हणालो, "ताजा गाळ घालायला कोणी सांगितले?"

म्हस्कूने माझ्याकडे पाहिलेही नाही. "सायबाचं मला काय ठावं न्हाय. मी सायबाचं ऐकून केलं न्हाय. मी तुझं ऐकून केलं. तू म्हनलास, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"व्हय. म्हनलो," रामहरी म्हणाला.

"मग बोल की आता."

"काय बोलू, दाजी? चुकलं माझं."

दादा, त्याने हात जोडले. सरुबाई दारातून बघत होती. बाजारात ज्याच्या शब्दावर लोक बियाणे घेतात तो माणूस नणंदेच्या नवऱ्यापुढे हात जोडून उभा आहे, हे बघून तिने पदर तोंडाला लावला. त्या क्षणी मला कळले की मी अजून एक शब्द बोललो नाही तर हे असेच राहील, आणि रामहरी ते मुकाट्याने आयुष्यभर वागवील.

मी म्हणालो, "तुमचे काही चुकले नाही. मी फसवले."

आता तुम्हाला सांगतो.

सुपरचे पोते भिजले नव्हते.

मागच्या वर्षी रामहरीच्या शेतात हात घालण्याआधी मी आमच्या खोलीमागे आठ डब्यांत ज्वारी पेरून पाहिली होती. चार डब्यांत नुसती माती, चारांत गाळ मिसळून. तीन आठवड्यांनी गाळातली ज्वारी खुरटी आणि पिवळट, नुसत्या मातीतली बरी. हे मी तुम्हाला कळवले नाही. कळवले असते तर तुम्ही थांब म्हणाला असता, आणि मला थांबायचे नव्हते. मला वाटले, पुन्हा एकदा माझ्या हातून काम अर्ध्यावर राहणार आणि पुढच्या दिवाळीत ओटीवर तेच वाक्य. ५ डिसेंबरला गुरुवार होता. रामहरी आणि सरुबाई बारामतीच्या बाजाराला गेले होते. गाळ घातलेले वाफे तयार होते, दुसऱ्या दिवशी लावणी. मी भर दुपारी ते पोते गाडीत घालून नेले आणि गाळाच्या वाफ्यांत सुपर पसरून खुरप्याने मातीत मिसळले. नऊ वाफे झाले. बांधाकडेचे तीन राहिले होते तेव्हा रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी रिकामे पोते घडी करून सदऱ्याखाली घातले. गाडी दुसऱ्याच कोणाची होती, पुढे निघून गेली. पण मग मी तिथे थांबलो नाही. ते तीन वाफे तसेच राहिले.

काढणीला बाराही वाफ्यांचा कांदा मी एकत्र वजन केला. सोळा मण.

माती का पाठवली नाही हे आता तुम्हाला कळेल. तुम्ही तपासताच सुपर दिसले असते.

आणखी एक. मागच्या वर्षी नेलेला गाळ जुना होता, वर्षभर कुजलेला. गाडीत भरायला हलका म्हणून तो नेला. डब्यांत घातला होता तो ताजा. त्यात फरक असेल हे माझ्या डोक्यातच आले नाही, म्हणून तुम्हाला लिहिलेल्या हकिकतीत ते आले नाही, आणि म्हणून तुमच्या पत्रकातही नसणार. लोकांनी, रामहरीनेसुद्धा, ताजा उचलला आणि रोपे भाजली. कुजलेल्या गाळाने कदाचित खरेच कांदा वाढला असता. कदाचित दहा मण, कदाचित तेरा. ते जाणून घ्यायला एकच शेत होते आणि त्यात मीच कालवाकालव केली. मला सर्वांत जास्त हे टोचते आहे, फसवण्याहूनही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसे आहे.

म्हस्कूने ऐकून घेतले आणि पाटी उचलून निघून गेला. रामहरीची माफी मागितली नाही, मला शिवीही दिली नाही.

रामहरी म्हणाला, "म्हंजी कांदा पिकला त्यो पोत्याच्या खतावर. माझ्या जमिनीचं त्यात काय न्हवतंच?" त्याचा आवाज चढला असता तर मला सोपे गेले असते. तो पुढे म्हणाला, "मी बाजारात सांगत फिरलो, सायेब. माझी जमीन, माझी जमीन म्हनून." आणि पाटाचे दार बंद करायला निघून गेला, पाणी बंदच होते तरी.

मी निघालो तर सरुबाई आडवी आली. "सायेब, थांबा. ते ऱ्हायलेलं तीन वाफं कंचं?"

मी दाखवले.

"ह्ये व्हय. हितला कांदा मी बियाला काढला व्हता, तुमच्या काट्यावर चढवायच्या आदी. थोडाच, पर बघून बघून काढला." ती आठवत उभी राहिली. "बरा व्हता. पोत्याच्या वाफ्यावानी न्हाय. पर बिनगाळाच्या वाफ्यापरीस बरा व्हता."

"तुमची खात्री आहे?"

"खातरी कशाची? हातानं काढला म्हनून सांगतीया. खातरी पायजे तर पुन्यांदा करा. रोपं उरल्यात माझ्याकडं, ताज्या गाळाच्या भाईर लावलेली. जुना ढीग हाय न्हवं अजून कारखान्यात?"

मी म्हटले आहे.

"मग आना. पर ह्या टायमाला वाफं आमी करनार, गाळ आमी घालनार, काटा आमी धरनार. तुमी बांधावर बसून लिवायचं. वाफ्यात पाय टाकायचा न्हाय."

रामहरी लांबून म्हणाला, "कशापायी आता?"

"तुमी दाजीला काय सांगनार मग? जलमभर हातच जोडनार?"

त्यावर तो फावडे घेऊन मोकळ्या पट्टीकडे वळला. परवा जुन्या गाळाच्या गाड्या जातील.

दादा, तुम्ही सभेत उभे राहून ते आकडे वाचलेत. आता त्याच लोकांपुढे उभे राहून ते मागे घ्यावे लागतील, आणि त्याचा त्रास मला नाही, तुम्हाला होणार. मी लिहून द्यायला तयार आहे. हे पत्र दाखवले तरी चालेल. मला काय शिक्षा व्हावी हे मी सुचवत नाही, कारण ते सुचवणेही स्वतःची सोय पाहणेच होईल.

तुम्ही मागे घेतलेले वाक्य पुन्हा म्हणायला हरकत नाही.

केशव


२ मे १९३७

ति. दादा,

नमस्कार. वहिनींना अनसूयेचाही नमस्कार सांगावा.

फेब्रुवारीत तुम्ही सणसरला येऊन गेलात हे मला रामहरीकडून दुसऱ्या दिवशी समजले. कारखान्यापासून तीन मैलांवर आलात आणि आमच्याकडे आला नाहीत. ते योग्यच होते. तुम्ही स्वतः वाफ्यांतली माती घेतलीत, सरुबाईच्या हातची भाकरी खाल्लीत, आणि निघताना रामहरीला म्हणालात म्हणे, "माझ्या भावाने तुमचे नुकसान केले, मी त्याचा मोठा भाऊ आहे." तो मला हे सांगताना थांबून थांबून सांगत होता. तुमच्या तोंडून "माझा भाऊ" असे गेल्या दोन वर्षांत कोणी ऐकले नव्हते, म्हणून मी ते पुन्हा सांगायला लावले.

आकडे असे. नुसत्या बारा वाफ्यांचा साडेआठ मण. लावणीला उशीर झाल्याने एकूण पीक कमीच. कुजलेल्या गाळाच्या बारा वाफ्यांचा पावणेअकरा मण. ताज्या गाळात रामहरीने हट्टाने राखलेल्या बारा वाफ्यांचा पाच मणाच्या आत, तोही बारीक. काटा रामहरीने धरला. म्हस्कूला मुद्दाम बोलावले होते, तो आला, वजने मोजताना मोठ्याने आकडा बोलत गेला, आणि शेवटी रामहरीला म्हणाला, "पावसाळ्यात तुझ्या संगं ढीग लावीन. कुजवून बघू." माझ्याशी तो बोलत नाही. मी बांधावर बसून लिहीत होतो. कागदाखाली रामहरीचा आणि म्हस्कूचा अंगठा आहे, सरुबाईने स्वतःहून तिसरा उठवला. तो कागद सोबत आहे.

सोळा मणांच्या मानाने हे काहीच नाही. सभेत वाचले तर कोणी उठून विचारणार नाही. पण रामहरीला मी हे बोललो तर तो म्हणाला, "सव्वादोन मन खरं हाय न्हवं? मग बास झालं."

मॅनेजरसाहेबांना मी सर्व सांगितले. ते हसले, म्हणाले, साखरेच्या आकड्यांत असे करू नका म्हणजे झाले. नोकरी शाबूत आहे. ते हसले नसते तर बरे झाले असते. ओढ्यात गाळ लोटायचे मात्र त्यांनी थांबवले. ढीग वर्षभर कुजू द्यायला मागची पडीक जागा दिली आहे आणि मी दर रविवारी तिथे फावडे घेऊन जातो. हाताला घट्टे पडले आहेत.

नवे पत्रक कधी काढाल तर त्यात सणसरचे रामहरी आणि सरुबाई यांची नावे घाला. गाळ वर्षभर कुजवूनच घालावा, ताजा कधीही घालू नये, हे मोठ्या अक्षरांत घाला. माझे नाव घालू नका. मागे हेच लिहिले होते, तेव्हाचे कारण खोटे होते.

तिन्ही तुकड्यांची काढणीनंतरची माती आज रेल्वेने पाठवली आहे. डबे सरुबाईने भरले आणि झाकणे रामहरीने बसवली, मी फक्त पत्ता लिहिला.

उत्तर आले नाही तरी माझी तक्रार नाही, असे वाक्य वर लिहून खोडले आहे, ते तुम्हाला दिसेलच. ते खरे नव्हते.

टपालाच्या वेळेला रोज दारात उभा असणारा
तुमचा धाकटा भाऊ
केशव